मोकळे करण्याचा अधिकार

मेढ्यावरून खाली वाहत गेलेली वेण्णा साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णेला मिळते. त्या संगमाच्या दोन काठांना दोन माहुल्या आहेत. त्यांतल्या क्षेत्र माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे १७५९ पासून पेशव्यांचे न्यायाधीश होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तलवारी गारद्यांनी चालवल्या, पण संशयाचे बोट चुलते रघुनाथराव यांच्याकडे होते आणि पेशवाईची वस्त्रेही पुढे त्यांनाच मिळाली. शास्त्रीबुवांनी चौकशी केली, कटात रघुनाथरावांचे अंग असल्याचा निष्कर्ष काढला, आणि प्रायश्चित्त विचारायला आलेल्या त्या नव्या पेशव्याला देहान्त प्रायश्चित्त सांगून, पद सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. ही हकिकत पाठ्यपुस्तकांनी सांगितली, नाटकांनी सांगितली, १९४४ साली ‘प्रभात’ने तिच्यावर चित्रपट काढला. निःस्पृह न्यायाधीशाची गोष्ट म्हणून ती आपल्याला पाठ आहे आणि तशी ती खरीच आहे. मात्र तिच्यातली एक विचित्र बाजू सहसा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. फौज, खजिना आणि वस्त्रे ज्याच्या हाती आली, त्याने एका शास्त्र्याकडे प्रायश्चित्त मागायला जावेच कशाला? त्याला अडवणारे कोण होते? या प्रकरणात मला मांडायचे आहे ते या प्रश्नाचे उत्तर. आपल्याकडे पापातून मोकळे करणे ही देवाच्या दारची बाब होती त्याहून अधिक ती माणसाला माणसांत परत घेण्याची कारवाई होती. तिला शास्त्र, सरकार आणि गोत, म्हणजे जातभाई, अशा तिघांची संमती लागे, आणि या तिघांत शेवटचा शब्द बहुतेक वेळा गोताचा असे.

रामशास्त्र्यांची गोष्ट जगाला इंग्रजीतून पहिल्यांदा विस्ताराने सांगितली ती जेम्स ग्रँट डफ याने. १८१८ ते १८२२ या काळात तो साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. छत्रपतींच्या दफ्तरातले कागद त्याला तिथेच पाहायला मिळाले आणि त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला, म्हणजे खुनानंतर ५३ वर्षांनी. त्याने दिलेला संवाद शब्दशः तसाच झाला असेल असे मानायचे कारण नाही, पण घटनेची हाडे पक्की आहेत. डफ स्कॉटलंडमधल्या बॅन्फचा. त्याच्या देशातल्या न्यायालयांत एक शब्द तेव्हाही चालत होता आणि आजही चालतो. दिवाणी दाव्यात प्रतिवादी जिंकला की स्कॉटिश न्यायाधीश त्याला ‘असॉइली’ करतो. लिहिताना या शब्दात एक ‘झेड’ येतो, पण तो उच्चारायचा नाही. जुन्या लिपीतले एक अक्षर छापखान्यात नव्हते, त्याच्यासारखे दिसणारे म्हणून हे बसवले गेले, आणि ते तिथेच राहिले. हाच शब्द इंग्लंडच्या इंग्रजीत ‘असॉइल’ या रूपात होता. तिथे तो कधीच म्हातारा झाला. आता तो जुन्या कवितेत किंवा कोशातच भेटतो, आणि ‘सॉइल’ म्हणजे मळवणे या शब्दाशी त्याचा काही संबंध नसताना तो जोडून काही लेखकांनी त्याचा अर्थ पार उलटाही करून टाकला आहे.

या शब्दाचे मूळ लॅटिन. गाठ सैल करणे, सुटे करणे अशा अर्थाच्या धातूपासून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत उतरला. धर्मगुरूने पाप कबूल करणाऱ्याला क्षमा दिली की तो असॉइल करी. न्यायालयाने आरोपीला सोडले की तेही असॉइल करणे. वचनातून, बंधनातून मोकळे करणे तेच, आणि शंका फेडणे, कोडे उलगडणे यांनाही तोच शब्द. मेलेल्या माणसाचे नाव घेताना ‘देव त्याच्या आत्म्याला असॉइल करो’ अशा अर्थाचे वाक्य जुन्या मृत्युपत्रांत आणि दानपत्रांत जोडलेले असे. मराठी वाचकाला यात नवल वाटायचे कारण नाही. आपण गाठ, गणित, कैदी आणि गहाण टाकलेला डाग एकाच क्रियापदाने सोडवतो. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. युरोपात ही दोन कामे हळूहळू एकमेकांपासून तुटली. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाला वर्षातून एकदा धर्मगुरूपुढे पाप कबूल करणे सक्तीचे केले. ते कबूल करायचे एकाच्या कानात, आणि ऐकणाऱ्याने ते बाहेर फोडायचे नाही. क्षमा देण्याचा हा अधिकार पैशाने विकला जाऊ लागला तेव्हा चॉसरने आपल्या क्षमापत्रे विकणाऱ्या पात्राच्या तोंडी हाच शब्द घातला. सोळाव्या शतकात इंग्लंडने रोमशी नाते तोडले, कबुलीची सक्ती गेली, आणि शब्दाचे धार्मिक काम आटले. स्कॉटलंडमध्ये तो वाचला तो वकिलांमुळे. तिथे दावा नुसता काढून टाकला तर तो पुन्हा आणता येतो, पण प्रतिवादीला एकदा असॉइली केले की तेच प्रकरण पुन्हा उभे करता येत नाही. मेढ्याच्या तालुका न्यायालयात आरोप ठेवण्याआधीच सोडलेला आरोपी आणि निकालाने निर्दोष सुटलेला आरोपी यांच्यात जो फरक, तसाच काहीसा हा.

आपल्याकडे हा फरक कुठे पडतो हे पाहायचे तर धर्मशास्त्राकडे वळावे लागते. पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, जो १९५३ साली निघाला, पातके आणि प्रायश्चित्ते यांना भरपूर जागा दिली आहे. त्या अफाट सामग्रीत एक सूत्र माझ्या मते सगळ्यांत बोलके आहे. याज्ञवल्क्यस्मृती म्हणते की नकळत घडलेले पाप प्रायश्चित्ताने जाते, पण जाणूनबुजून केलेल्या पापाचे प्रायश्चित्त घेतलेला माणूस फक्त ‘व्यवहार्य’ होतो, म्हणजे त्याच्याशी व्यवहार करायला हरकत उरत नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत याचा उलगडा करताना पापाला दोन शक्ती मानल्या. एक शक्ती माणसाला नरकात नेते. दुसरी त्याला इतरांशी व्यवहार करू देत नाही: त्याच्याबरोबर जेवायचे नाही, त्याच्याशी सोयरीक करायची नाही, त्याला यज्ञाला बसवायचे नाही. प्रायश्चित्त या दोन शक्तींवर वेगवेगळे चालते. मुद्दाम केलेल्या महापातकात ते दुसरी शक्ती तोडू शकते, पहिली शाबूत राहते. पहिली तुटायची तर प्रायश्चित्त मरणापर्यंत जावे लागते. आठ-नऊशे वर्षांपूर्वीच्या या पंडिताने पापाचा परलोकातला हिशेब आणि इहलोकातला हिशेब अशा दोन वेगळ्या वह्या मांडल्या, आणि एकीतली बाकी दुसरीत ओढायला सरळ नकार दिला.

इथे एक आक्षेप लगेच येईल, आणि तो वजनदार आहे. शास्त्रकारांना फक्त समाजाची काळजी होती असे म्हणणे म्हणजे त्यांच्या श्रद्धेचा अपमान नव्हे काय? चांद्रायण करणारा माणूस पौर्णिमेला १५ घास खातो, वद्य पक्षात रोज एक घास कमी करत अमावास्येला उपाशी राहतो, आणि शुद्ध पक्षात पुन्हा एकेक घास वाढवत नेतो. प्राजापत्यात तीन दिवस फक्त सकाळी, तीन दिवस फक्त रात्री, तीन दिवस न मागता मिळेल तेवढेच, आणि शेवटचे तीन दिवस काहीच नाही. हे सगळे शेजाऱ्यांनी पंक्तीला घ्यावे एवढ्यासाठी? आक्षेपाचे उत्तर शास्त्रातच आहे. जे पाप दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही, त्यासाठी रहस्य प्रायश्चित्त सांगितले आहे: जप, प्राणायाम, उपवास, सगळे एकट्याने, कोणापुढेही न जाता. पाप उघड झाले असेल तरच पर्षदेपुढे उभे राहायचे, केलेले बोलून दाखवायचे आणि विद्वानांनी सांगितलेले प्रायश्चित्त घ्यायचे. म्हणजे परलोकाची काळजी शास्त्रकारांना होतीच, आणि तिच्यासाठी त्यांनी वेगळी वाट ठेवली होती. ब्राह्मणांची सभा, जाहीर कबुली, दक्षिणा आणि लेखी निर्णय हा सगळा थाट ज्या पापासाठी होता, ते पाप लोकांना माहीत झालेले असे. युरोपातल्या कबुलीच्या खोलीत अज्ञात पाप एका कानात सांगून हलके होई. आपल्या पर्षदेपुढे जाणारे पाप गावाने आधीच ऐकलेले असे.

विधीही तसाच, दिसेल असा. प्रायश्चित्त घेणाऱ्याने क्षौर करायचे, नदीवर जाऊन भस्म, माती, गोमय यांनी स्नाने करायची, संकल्प सोडायचा, गाईचे दूध, दही, तूप, मूत्र आणि शेण एकत्र करून केलेले पंचगव्य प्यायचे, ब्राह्मणांना दक्षिणा द्यायची, त्यांना जेवू घालायचे. श्रावणीच्या दिवशी जे पंचगव्य घेतात आणि जो लांबलचक हेमाद्री संकल्प म्हणतात, तो याच परंपरेतला, यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाचा. बारा दिवसांच्या उपवासाऐवजी एक गाय द्यावी, गाय नसेल तर तिचे मोल द्यावे, अशा पर्यायांना ‘प्रत्याम्नाय’ म्हणत, आणि व्यवहारात उपासापेक्षा प्रत्याम्नायच जास्त चालला. यात लबाडीला वाव होता हे उघड आहे. ज्याच्याकडे मोहरा, त्याचे चांद्रायण एका सकाळी उरकते. पण दाढी-मिश्या, शेंडीव्यतिरिक्त सगळे केस उतरवून घाटावर उभा राहिलेला माणूस, पैसेवाला असला तरी, सगळ्या गावाला दिसतो. लाज ही या विधीची खरी किंमत होती आणि तिच्यावर प्रत्याम्नाय नव्हता.

आता साताऱ्याच्या दफ्तराकडे येऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी आयुष्याच्या अखेरीस पेशव्यांच्या रोजनिशीला प्रस्तावना म्हणून एक निबंध लिहिला. त्यात परधर्मात गेलेल्यांना परत घेतल्याची काही उदाहरणे त्यांनी रोजनिशीतून वेचून दिली आहेत. त्यांतले एक पुताजी बंडगर या मराठ्याचे. मोगलांनी त्याला कैद करून बाटवले. वर्षभर तिकडे राहिल्यावर, बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतत असताना, तो मराठी फौजेत परत आला. त्याला जातीत घ्यायला गोत तयार होते, आणि गोताच्या संमतीला शाहू महाराजांनी मंजुरी दिली. क्रम लक्षात घ्यावा: आधी गोत, मग छत्रपती. दुसऱ्या उदाहरणांत ब्राह्मण होते, एक हैदराच्या कैदेत सापडलेला, दुसरे पुणतांबे आणि पैठणकडचे. त्यांना परत घेतानाही स्थानिक ब्रह्मवृंदाची संमती आणि सरकारची परवानगी अशी जोडी दिसते. मराठेशाहीच्या कागदांत राजदंड, ब्रह्मदंड आणि गोतपत हे शब्द जवळजवळ येतात ते याचमुळे. सरकार दंड घेई, ब्राह्मण प्रायश्चित्त देत, आणि गोत पंक्तीला बसवून घेई. पहिल्या दोन गोष्टी झाल्या आणि तिसरी झाली नाही, तर माणूस होता तिथेच राहिला.

याचे सर्वांत ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. फलटणचे बजाजी नाईक निंबाळकर विजापूरच्या दबावाखाली बाटले आणि पुढे शिखर शिंगणापूरला शंभू महादेवापुढे त्यांची शुद्धी झाली, असे परंपरा सांगते. या शुद्धीच्या तपशिलावर अभ्यासकांना प्रश्न घालता येतील. ज्याबद्दल प्रश्न नाही ती गोष्ट अशी की बजाजींचा मुलगा महादजी याला शिवाजी महाराजांनी आपली मुलगी सखूबाई दिली. परंपरा खरी मानली तर पंचगव्याचे काम या लग्नाने पुरे केले, कारण ज्या घरात राजाची लेक गेली त्या घराचे पाणी कोण नाकारणार? नेताजी पालकरांचे प्रकरण कागदात अधिक पक्के आहे. औरंगजेबाने १६६७ मध्ये त्यांना मुसलमान केले, मुहम्मद कुलीखान म्हणून काबूलकडच्या मोहिमांवर धाडले, आणि ते परतल्यावर १६७६ च्या आषाढात त्यांनी प्रायश्चित्त घेतल्याची नोंद जेधे शकावलीत आहे. त्याआधी दोनच वर्षे, २९ मे १६७४ रोजी, स्वतः महाराजांनी रायगडावर प्रायश्चित्तपूर्वक मुंज करून घेतली होती, कारण मुंजीवाचून राज्याभिषेक नाही असे गागाभट्टांच्या शास्त्राचे म्हणणे होते. प्रायश्चित्ताने दार उघडते ते कोणत्या घराचे, हे त्या राजाला चांगले ठाऊक होते.

‘हे सारे उच्चवर्णीयांचे, राजवाड्यांचे’ असा दुसरा आक्षेप निघेल. त्याला पुताजी बंडगर हेच पुरेसे उत्तर आहे, पण त्याहून मोठे उत्तर जातपंचायतींचे आहे. ब्राह्मणाच्या शास्त्राशी फारसा संबंध नसलेल्या जातींतही वाळीत टाकणे, दंड घेणे आणि जेवण घेऊन जातीत घेणे हा क्रम तसाच होता. पर्षदेच्या जागी पंच, दक्षिणेच्या जागी दंड, बाकी रचना एकच. उलट मला असे वाटते की जातभोजन ही मूळ गोष्ट असावी आणि शास्त्राने तिला नंतर संस्कृत अंगरखा चढवला असावा. हे सिद्ध करता येणार नाही, पण मिताक्षरेतला ‘व्यवहार’ हा शब्द त्या दिशेने बोट दाखवतो.

तिसरा आक्षेप वारकरी घेतील, आणि मराठी वाचकाच्या मनात तो सर्वांत खोल रुजलेला आहे. नामाने पाप जळते असे आपले संत सांगत आले. मग गोताची आणि कागदाची मातब्बरी ती काय? खरे तर संतांची कथाच या कागदापाशी सुरू होते. विठ्ठलपंतांनी संन्यास घेऊन पुन्हा संसार केला. आळंदीच्या ब्राह्मणांनी त्यांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पतिपत्नींनी ते घेतले, अशी परंपरा आहे. म्हणजे मरणापर्यंतचे प्रायश्चित्त झाले, शास्त्राप्रमाणे नरकाची शक्तीही तुटली. तरीही मुलांची मुंज होईना. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई यांना पैठणला जाऊन शुद्धिपत्र आणावे लागले. त्याचा शक १२०९ सांगतात. त्या पत्राच्या अस्सलपणाबद्दल वाद आहे, पण कथेने ते मागितले हेच माझ्या मुद्द्याला पुरेसे आहे. आईबापांच्या मरणाने जे साधले नाही ते एका गावच्या ब्राह्मणांच्या लेखी संमतीने साधणार होते. पाठोपाठ, शके १२१२ मध्ये, ज्ञानेश्वरी झाली आणि तिच्या वाटेने जी परंपरा उभी राहिली, तिने पाप फेडण्याचा अधिकार शुद्धिपत्र देणाऱ्यांच्या हातून काढून घेतला. मात्र तिने काढून घेतला तो नरकाच्या शक्तीवरचा अधिकार. व्यवहार रोखणारी शक्ती पंढरीच्या वाळवंटापुरती लोपली आणि गावात परतल्यावर पुन्हा उभी राहिली. वारीत एकमेकांच्या पाया पडणारे घरी आल्यावर वेगळ्या पंक्तींत जेवत राहिले, याचे खापर संतांवर फोडणे अन्यायाचे होईल. ती वही त्यांच्या ताब्यात नव्हतीच. शुद्धिपत्र या शब्दाचे पुढे जे झाले तेही पाहण्यासारखे आहे: आता ते पुस्तकाच्या शेवटी मुद्रणदोषांच्या यादीला म्हणतात.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचे राज्य आले, राजदंड त्यांच्याकडे गेला, आणि गोताची ताकद उघडी पडली. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला. न्यायालयाने अल्पवयीन श्रीपतला बापाच्या हवाली केले. सरकारचा निकाल बापाच्या बाजूने लागला होता आणि प्रायश्चित्ताला शास्त्राचा आधार होता. बाळशास्त्री जांभेकरांसारखा विद्वान त्याला परत घ्यावे म्हणून उभा राहिला. तरी सनातनी मंडळींनी असे काहूर उठवले की श्रीपतऐवजी बाळशास्त्रीच बहिष्काराच्या सावलीत आले. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे आणि इतर मंडळींनी चहा घेतला, गोपाळराव जोशी यांनी ते वर्तमानपत्रात नावानिशी फोडले, आणि शंकराचार्यांकडून चौकशी बसली. चहाच्या कपात परलोक बुडतो असे त्या खटल्यातल्या एकालाही मनापासून वाटत असेल असे मला वाटत नाही. अडचण दुसरीच होती. श्राद्धाला, लग्नमुंजीला भिक्षुक मिळेनासे झाले, नातेवाइकांच्या घरी पान वाढेनासे झाले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त आधीच घेतल्याचे दाखवून सुटका करून घेतली. रानडे यांनी ज्या मित्रांच्या घरी या भानगडीने कोंडी झाली होती त्यांच्यासाठी प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचे शिव्याशाप ओढवून घेतले. रानड्यांची ही कृती दुबळेपणाची होती, असे तेव्हा म्हटले गेले आणि आजही म्हणतात. मला ते पूर्ण पटत नाही. ज्या विधीत आत्म्याचे काही नव्हते, त्यात आत्म्याची फसवणूक कशी होईल? दोष असेलच तर तो वेगळा आहे: एवढ्या मोठ्या माणसाने ते घेतल्याने पंक्तीच्या अधिकाराला प्रतिष्ठा मिळाली. शाहू महाराजांनी बंडगराला परत घेतल्याचे कौतुक लिहिणारे रानडे ते हेच, हे विसरून तो निबंध वाचता येत नाही.

एवढे हाती घेऊन रामशास्त्र्यांकडे पाहिले की त्यांच्या निर्णयाची धार दिसते. रघुनाथरावांना नरकाची भीती असेलही, पण त्यांना निकडीने हवी होती ती व्यवहार्यता. ब्राह्मण पुतण्याच्या खुनाचा डाग असलेला पेशवा ब्राह्मणांच्या पंक्तीत मुख्य आसनावर कसा बसणार, सरदारांनी त्याचे विडे कसे उचलायचे, सणावाराला दक्षिणा कोण घेणार? फौजेने हे सुटत नव्हते. सोपे प्रायश्चित्त मिळाले असते तर ते सुटले असते. मनुस्मृतीत ब्रह्महत्येला बारा वर्षे रानातल्या झोपडीत, हाती कवटी घेऊन भीक मागत राहण्याचे प्रायश्चित्त आहे. तेही पेशव्याला परवडणारे नव्हते. शास्त्र्यांनी जे सांगितले ते मुद्दाम केलेल्या महापातकाचे, मरणान्त. मिताक्षरेच्या दोन वह्या इथे लावून पाहा. देहान्त प्रायश्चित्ताने नरकाची शक्ती तुटते आणि व्यवहाराला माणूसच उरत नाही. रघुनाथरावांना जे हवे होते नेमके तेवढे सोडून बाकी सगळे त्यांना देऊ केले गेले. ते हिशेब करून दिले होते की नाही, याचा पुरावा नाही, आणि शास्त्रीबुवांनी फक्त शास्त्र वाचून दाखवले असेही म्हणता येईल. पण काशीला शिकून आलेल्या त्या पंडिताला मिताक्षरा ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? रघुनाथरावांच्या बाबतीत नंतरची आणखी एक हकिकत विल्फर्ड नावाच्या लेखकाने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये नोंदवली आहे. त्यांनी विलायतेला वकील म्हणून पाठवलेले ब्राह्मण समुद्र ओलांडून परतले तेव्हा त्यांना सोन्याच्या योनीतून बाहेर काढून, म्हणजे नव्याने जन्माला घालून, परत घ्यावे लागले. सोने मिळाले की नोकरांचा प्रश्न असा मिटत होता. धन्याला सोन्याचा उपाय सांगायला मात्र माहुलीचे शास्त्री तयार झाले नव्हते.

स्वातंत्र्यानंतर कायद्याने या व्यवस्थेच्या शेवटच्या पायावर घाव घातला. मुंबई राज्याने १९४९ साली जातिबहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहऱ्यांच्या सैयदनांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो घटनाबाह्य ठरवला, कारण धर्मसंप्रदायाला आपले धार्मिक कारभार पाहण्याचे स्वातंत्र्य आहे. त्या निकालात बहिष्कार हा धर्माचा भाग मानला गेला. मिताक्षरेच्या भाषेत सांगायचे तर न्यायालयाने दोन वह्या पुन्हा एक केल्या. अर्धशतक तसेच गेले. २०१३ पासून नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायत मूठमाती अभियान चालवले, दाभोलकरांचे कामाचे गाव सातारा. त्यातून पुढे आलेल्या तक्रारींत दंडाच्या पावत्या, माफीनामे आणि जेवणावळींचे खर्च असत. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. वाळीत टाकलेल्याला परत घ्या, असे कायदा गावाला सांगू शकत नाही. कोणी कोणाला जेवायला बोलवावे हे न्यायालयाच्या हाती नाही. कायदा एवढेच करतो की परत घेण्याची किंमत मागण्याचा अधिकार काढून घेतो. पुताजी बंडगराच्या वेळी गोताने घेतलेला निर्णय छत्रपतींच्या दफ्तरात मंजुरी म्हणून चढला. आज पंचांनी दंड घेऊन कोणाला जातीत घेतल्याचा कागद असेल तर तो फिर्यादीला पुरावा म्हणून जोडला जातो.